दोरीवरचं हिरवं लुगडं

ठेवून दाखवा बरं माझ्यावर इस्वास! मी बोलते त्यातल्या एका शब्दावर जरी ठेवलात ना, तर तुमच्याएवढा भोळा मानूस या किनाऱ्यावर न्हाय. आमचा म्हातारा जल्मभर माझ्यासंगं नांदतोय, तो अजून ठेवत न्हाय. मी जेवन झालं म्हनली तरी आधी टोपात डोकावून बघतो.

पन ही गोष्ट खरी हाय. माझीच फजिती हाय हो! खोटं बोलायचं असतं तर मी जिंकली नसती काय?

तर काय झालं, आमच्या दिनूचं, माझ्या नातवाचं लगीन ठरलं. पोरगी श्रीवर्धनची. आता सांगा, मांडवात सगळ्यांत उठून कोन दिसलं पायजे? नवरी? छ्या! मी! आनि खास करून शेजारच्या बायोपेक्षा. ही बायो माझ्याच वयाची, पन मिरवायला पुढं. तिच्या नातीच्या लग्नात अशी चमकली, अशी चमकली, की लोक नवरीला सोडून तिच्याच पाया पडत होते. तेव्हापास्नं माझ्या पोटात आग.

लग्नाच्या आधी दिनूची मोठी बहीन आली, पिंकी. मुंबईला हापिसात असते. मांडव्याला बोटीतनं उतरून घरी आली, तर खांद्याला एक पिशवी. भावाचं लगीन, आनि एक पिशवी!

"बाय गो, बाकीचे कपडे बोटीत राह्यले काय?"

"नाही गं आजी. मी आता मोजकेच कपडे ठेवते. साधे, एका रंगाचे, चांगल्या कापडाचे. एकदम क्लासिक! वीस वर्षांनीपण जुने दिसत नाहीत."

"वीस वर्सांनी मी दिसेन काय, ते सांग."

"ऐक तर! सगळ्या चमचम करतात ना, तिथं साधं नेसलेलीच उठून दिसते."

उठून दिसते! झालं. म्हनली, काढ गो माझी पेटी!

पिंकी एकेक साडी दोन बोटांनी उचलते, मेलेला उंदीर उचलावा तशी. जांभळी जरीची: "नको." गुलाबी टिकल्यांची: "नकोच." पिवळी, भोपळ्याएवढ्या फुलांची: "आजी, ही ज्यानं दिली त्याच्याशी बोलणं सोड." ती म्हाताऱ्यानं दिलेली. तो दारातनं उठून गेला. मोराची साडी बघून तर पोरीनं डोळेच मिटले.

शेवटी पाच ठेवल्या. चार बिनकाठाच्या, फिक्कट, धुतलेल्या आभाळागत. पाचवं पेटीच्या तळाशी होतं. हिरवंगार लुगडं, बारीक काठ, घडी न मोडलेलं.

"आजी! हेच तर खरं क्लासिक! लपवून का ठेवलंस?"

आता पोरीला काय सांगू? आमच्यात बाई म्हातारी झाली की एक हिरवं लुगडं बाजूला काढते. शेवटच्या दिवशी नेसवायला. आख्ख्या पाड्याला ठाऊक, कोनाचं कुठलं ते. मी म्हनली, "ते खास दिसाला हाय गो."

"मग धुवून ठेव. डांबरगोळ्यांचा वास येतोय."

धुतलं. अंगनात दोरीवर टाकलं. आनि बाकीच्या साड्यांचं गाठोडं काखेत मारून निघाली पाड्यात वाटायला. सांगा, यात माझं काय चुकलं?

बायोला मुद्दाम मोराची दिली. म्हनली, नेसू दे, दिसू दे गावाला माकडागत.

"घे गो बायो. मला आता काय करायच्यात एवढ्या?"

बायोनं साडी बघितली. मग माझ्या खांद्यावरनं आमच्या अंगनात बघितलं. पटकन पदर डोळ्याला लावला. मी म्हनली, बघा, देनाऱ्याचं मन कसं कळतं मानसाला!

सांजच्याला मागच्या आळीची कमळी आली, पापलेटाचं कालवन घेऊन.

"मावशी, डाक्तर काय बोलला?"

तेव्हा माझी टूप पेटली. चांगलं मानूस असतं तर बोललं असतं, अगो मी धडधाकट हाय. पन पापलेटाचं कालवन हो, समोर! मी आवाज बारीक केला.

"काय बोलनार गो... खा-प्या म्हनला."

मग काय! चिंबोऱ्या आल्या, कोलंबी आली, गावठी कोंबडी आली. म्हातारा माझ्या उशाला बसून तंगडी चघळत म्हनतो, "असंच आजारी राहा गो."

बायो तर हात धरून रडायलाच बसली. "माफ कर गो मला. तुझे वाळत घातलेले बोंबील मांजर न्हाय न्हेत. मीच न्हेते."

"ठाऊक हाय गो. मी पन तुझी सुकट न्हेते."

रडता रडता थांबली. "कधी?"

अशी मज्जा चालली होती! पन बातमीला पाय फुटले आनि ती श्रीवर्धनला पोचली. दुसऱ्या दिशी नवरीचा बाप हजर. वटीवर माझ्या पोराशी कुजबुज, मी कान लावून.

"आजींचं बरंवाईट झालं तर सुतक येईल. लगीन अडेल. परवाच उरकून टाकू."

परवा! मी अंथरुनातनं टुनकन उडी मारून बाहेर. "अरे, मी मरत न्हाय रे!"

पोरानं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. "व्हय आये, व्हय."

"पिंकीला इचारा!"

पिंकी बिचारी ओरडून सांगते, "अहो, ती फक्त कपडे कमी करत होती!" तर मला बघायला आलेल्या सगळ्या बाया मान हलवून, "तू ल्हान हायस बाय."

मी पदर खोचला आनि अंगनात नाचून दाखवलं. गिरकी घेतली, फुगडीला हात पुढं केले! तर बायो हुंदका देऊन म्हनते, "बघा गो, सगळ्या हौशी फेडून घेतेय."

घ्या! जल्मभर थापा मारल्या त्या खपल्या, आनि एक खरं बोलली तर गिऱ्हाईक न्हाय.

झालं, परवाच लगीन लागलं. आता आमच्या पाड्याची रीत अशी, लग्नाला घरच्या सोडून बाकी सगळ्या बायका एकाच रंगाच्या साड्या नेसतात. त्या सांगून ठेवल्या होत्या, पन एवढ्या घाईत कुठनं येनार? नेसायचं काय? बायोनंच तोड काढली. "तिनं मायेनं दिल्यात त्याच नेसूया. तिच्या डोळ्यांदेखत."

आनि मांडवात माझी आख्खी पेटी चालत आली हो! जांभळी आली, टिकल्यांची आली, भोपळ्याची फुलं आली. आनि मोराची साडी नेसून बायो! माकड कुठलं, रानी दिसत होती मेली! लोक परत तिच्याच पाया पडायला लागले.

आनि मी? हिरवं नेसली असती तर मांडवातनं उचलूनच न्हेली असती. मग पिंकीनं नेसवली बिस्कुटाच्या रंगाची. "आजी, काय क्लासिक दिसतेस!"

तेवढ्यात फोटोवाला ओरडला. अलिबागचा पोरगा, कोनाला वळखत न्हाय. "चला, घरच्या बायका पुढे या!"

मी सगळ्यांना ढकलत, कोपर मारत, नवऱ्यामुलाच्या शेजारी जाऊन उभी राह्यली. मान ताठ केली. पदर सारखा केला.

"ओ मावशी," तो म्हनला, "तुम्ही जरा बाजूला व्हा ना. पाण्याचे जग नंतर भरा, घरच्यांचा फोटो चाललाय!"

मी त्याला काय काय शिव्या घातल्या, इचारू नका. पन बेंजो एवढ्या जोरात वाजत होता की एक कोनाला ऐकू न्हाय गेली. वर त्यानं माझ्या हातात जग दिला.

फोटो आला नंतर. मोठा, काचेचा. जांभळी हाय, गुलाबी हाय, भोपळ्याची हाय, मोराची तर मधोमध हाय. माझ्या सगळ्या साड्या आल्या नातवाच्या फोटोत. मी तेवढी न्हाय!

आता दात काय काढताय? चाय पिऊन झाली ना? उठा, जा आपापल्या घरी!