त्यांनी पाहिलेले बेट

भाद्रपदातल्या एका मंगळवारी माझे यजमान गेले. ते घरी होते. मी शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, घरी बोलावलंय. मी खडू ठेवला आणि निघाले. पोचले तेव्हा शेजारचे लोक दारात उभे होते.

यजमानांचा चादरींचा व्यापार होता. सोलापूरच्या मागांवर विणलेल्या जाड चादरी ते आणि त्यांचे भागीदार सिलोनला नेऊन विकत. उष्ण बेटावर चादरी कोण घेणार, असे मला लग्नानंतर वाटले होते. पण त्या बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, डोंगरांवर चहाचे मळे आहेत, आणि मळ्यावरच्या मजुरांना थंडी वाजते. दिवाळीनंतर एक आणि उन्हाळ्याआधी एक अशा त्यांच्या खेपा होत. मद्रासची मेल सोलापूरवरूनच जाते. ते आमच्या स्टेशनात चढत आणि मद्रासला गाडी बदलून समुद्राच्या टोकाला जाऊन उतरत.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत असे. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग, हे मी किती वर्गांना पाठ करायला लावले असेल. मी समुद्र पाहिला नव्हता. शाळेच्या कपाटात बेटांविषयी जी पुस्तके होती ती मी सगळी वाचली होती. वाऱ्यांच्या दिशा, नारळाच्या जाती, बंदरांची नावे मला येत होती. आणि ज्यांनी चौथीनंतर पुस्तक हातात धरले नव्हते ते यजमान वर्षातून दोनदा तिथे जाऊन येत.

त्यांचे गाव मोडनिंबजवळचे. बोलणे शेवटपर्यंत तिकडचेच राहिले. परत आले की मी पाणी देई आणि विचारी, “कसं होतं?”

“हिरवं हाय.”

“आणखी?”

“लई पाऊस हाय.”

“आणि समुद्र?”

“पाणीच की. दुसरं काय आसणार?”

एवढे बोलून ते आंघोळीला जात. मला वाटे, हे डोळे माझ्याकडे असते तर. कुणाच्या दागिन्यांचा, कुणाच्या घराचा मला कधी हेवा वाटला नाही. त्यांच्या डोळ्यांचा वाटे. मला घेऊन चला, असे म्हटले की ते म्हणत, “फुडच्या खेपेला.”

प्रत्येक खेपेला मी त्यांना कडक भाकरी करून देई. आमच्याकडे ही भाकरी शाळू ज्वारीच्या पिठाची, पापडासारखी पातळ थापतात, भाजतात आणि मग निखाऱ्याच्या धगीला उभी करून पूर्ण वाळवतात. महिनाभर टिकते. फडक्यात बांधलेली भाकरीची चवड आणि शेंगांची चटणी एवढे त्यांच्याबरोबर असे. परत आल्यावर फडके रिकामे असे. “चांगल्या झाल्त्या,” ते म्हणत. त्यांच्या प्रवासात माझे म्हणून काही जात असेल तर ते एवढेच, असे मी धरून चालले होते.

तेराव्यानंतर त्यांचे भागीदार समाचाराला आले. ते सोलापुरातलेच, मुसलमान, यजमानांहून वयाने थोडे मोठे. मी त्यांना भाईसाहेब म्हणत असे. ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग बोलू लागले.

“काय सांगू वैनी. गाडीत बसलं की ह्यांची गोष्ट सुरू. वाडी जंक्शन येईपर्यंत हसून हसून पोट दुखायचं. डब्यातली मानसं आमच्याभोवती गोळा व्हायची की.”

मी विचारले, “कोणाची गोष्ट?”

“सायबांची. दुसऱ्या कुनाची?”

मला आधी वाटले, ते दुसऱ्याच माणसाविषयी सांगत आहेत. मग ते सांगत गेले. बोटीवरच्या खलाशांची यजमान नक्कल करीत. पहिल्या खेपेला त्यांना बोट लागली होती आणि त्यांनी भाईसाहेबांच्या मांडीवर डोके ठेवून, “मला मोडनिंबाला सोडा,” असे म्हटले होते. कोलंबोच्या रस्त्यावर रिक्षा ओढणाऱ्याला मागे बसवून त्यांनी स्वतः रिक्षा ओढली होती. भाईसाहेब सांगता सांगता हसले, आणि हसता हसता रडले. मी भिंतीकडे पाहत होते. माझ्या घरी जो माणूस तीन वाक्ये बोले तो याच्याजवळ दिवसच्या दिवस बोलत होता. माणूस दोघांचा गेला होता, पण त्यातला मोठा वाटा याचा होता.

जाताना ते उभे राहून म्हणाले, “भाकरीची तेवढी पंचाईत व्हायची. मद्रासच्या फुडं हवा दमट. सादळून चामड्यासारकी व्हायची. मग घाटात ती अक्का तव्यावर टाकून द्यायची, तवा कुटं कुरकुरायची.”

“कोण अक्का?”

“हाय एक. खानावळवाली.”

त्या दिवसापासून समुद्र, बंदर, नारळ सगळे मागे पडले. मला ती बाई पाहायची होती.

वर्षश्राद्ध होईपर्यंत मी थांबले. उरलेला माल पोचवायला भाईसाहेब त्यानंतर पहिल्यांदाच निघणार होते. मी त्यांच्या घरी गेले आणि मला न्या म्हणून सांगितले. आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. मी त्यांना भाभी म्हणे.

“इनो जारे तो मैं बी जाती,” त्या म्हणाल्या. “कित्ते बरसां से बोलरी हूं, मेरेकू ले चलो. म्हणे, दर्यात तुला उलटी हुयेगी. दोस्त कू नहीं हुई क्या उलटी? उसकू तो गोदी में सुलाये!”

“आगं, ते गेले आता,” भाईसाहेब म्हणाले.

“गेले म्हणूनच बोलरी. जिंदा थे तब बोलती तो तुम घर कू आतेच नै.”

मला पहिल्यांदा कळले की ज्या काळात मी यजमानांचा हेवा करीत होते, त्या काळात या घरात माझ्या यजमानांचा हेवा चालला होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मोठ्या दिरांनी बरेच ऐकवले. विधवेने दर्या ओलांडायचा, तोही परक्या माणसाबरोबर. मी म्हटले, भाभी बरोबर आहेत, आणि शाळेची रजा मंजूर झाली आहे.

गाडीत बसल्यापासून भाईसाहेब दाखवू लागले. हितं बसायचे. ह्या स्टेशनात चहा घ्यायचे. रायचूरला ह्या बाजूचं दार उघडायचे. मद्रासला गाडी बदलली, तिथेही एका बाकावर हात ठेवून ते थांबले. मी माझ्या डोळ्यांनी पाहायला निघाले होते, पण प्रत्येक जागा आधीच कुणीतरी पाहून ठेवलेली होती. खिडकीबाहेर ताडाची झाडे सुरू झाली. मला त्यांचे शास्त्रीय नाव येत होते. ते कुणाला सांगायचे?

मंडपमला सिलोनला जाणाऱ्यांची तपासणी होते; तिथे डॉक्टरने आमचे डोळे आणि जीभ पाहिली. मग गाडी पांबनच्या पुलावर चढली, आणि दोन्ही बाजूंना पाणी आले. इतके जवळ, की गाडीच पाण्यावरून चालली आहे असे वाटावे. भाभींनी बुरख्याच्या आत डोळे मिटून घेतले आणि माझा दंड धरला.

“मास्तरनी, गया क्या पानी?”

“अजून आहे.”

“तू देख. मेरे हिस्से का बी देख.”

मी पाहिले. पाणी एका रंगाचे नव्हते. किनाऱ्याशी ते पिवळट, मग हिरवे, मग निळे होत गेले होते. इतकी वर्षे “पाणीच की” म्हणणाऱ्या माणसाचा मला राग आला.

धनुष्कोडीला गाडी धक्क्यापर्यंत जाते. तिथून बोट. पलीकडचे तलैमन्नार काही तासांवर आहे, पण बोट सुटल्यावर थोड्याच वेळात भाभी आडव्या झाल्या आणि भाईसाहेब त्यांच्या उशाशी बसले. मी कठड्याला धरून उभी राहिले. मला काही झाले नाही. यजमानांना बोट लागली होती, मला लागली नाही. हे कुणालाही सांगण्यासारखे नव्हते, पण त्या सबंध प्रवासात मनापासून समाधान झाले ते एवढ्या एका गोष्टीचे.

तलैमन्नारहून कोलंबोची गाडी जंगलातून जाते. कोलंबोला भाईसाहेबांनी मोटार ठरवली. गावाबाहेर एका मैदानावरून जाताना ते बोलून गेले, “हितं विमान आलं होतं. पैसे घिऊन मानसांना वर फिरवून आणायचे.”

“तुम्ही पाहिलंत?”

ते घुटमळले. “बसलो की.”

“तुम्ही?”

“आमी दोघं.”

मोटार चालत राहिली. कधीमधी सोलापूरवरून एखादे विमान गेले की मी सगळा वर्ग घेऊन पटांगणात येत असे. घरी येऊन यजमानांना सांगत असे, इतक्या उंचीवरून गेले, असा आवाज होता. ते जेवता जेवता मान हलवत. विमानातून जमीन कशी दिसते ते त्यांना ठाऊक होते, आणि ते मान हलवत.

“मला का नाही सांगितलं?”

“म्हणाले, घरी बोलू नका, भिऊन ती उपास धरंल.”

मी उपास धरणारी बाई नव्हे, हे इतक्या वर्षांत त्यांना कळले नव्हते. कुठली तरी दुसरीच बायको मनात धरून ते माझ्यापासून गोष्टी लपवीत होते. भाभींनी भाईसाहेबांच्या पाठीवर चापट मारली. “हवा में बी उड के आये! आन् हमना आंगन झाडने कू!” त्या हसल्या. मला हसता आले नाही. मग घाट लागला.

रस्ता वळणे घेत वर जातो. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि सगळीकडून पाणी झिरपत असते. इंजिन तापते म्हणून मोटारी एका वळणावर थांबतात. तिथे झावळ्यांचे छप्पर, दोन बाकडी, आणि चुलीपाशी एक तमिळ बाई. मी मनात तरुण बाई उभी केली होती. ही माझ्या आईच्या वयाची होती. केस पांढरे, हातात तांब्याचे कडे. तिने भाईसाहेबांना पाहून हाक मारली, मग त्यांच्या मागे पाहिले, कुणाला तरी शोधले, आणि मग माझे कपाळ पाहिले.

कुणाला काही सांगावे लागले नाही. ती खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. दोन्ही हातांनी छाती पिटत, सूर धरून. रस्त्यावरची माणसे थांबली. भाईसाहेब रडू लागले, भाभीही. मी उभी होते. यजमान गेले त्या मंगळवारी मी अशी रडले नव्हते. लोक होते, मोठे दीर होते, मी शिकलेली होते. ते रडणे माझ्या हक्काचे होते आणि ते हिने रडून टाकले.

मग तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. भाईसाहेब म्हणाले, “भाकरी मागतीय.”

मी सवयीने करून आणल्या होत्या. फडके सोडले तर त्या खरेच सादळल्या होत्या, हातात वाकत होत्या. तिने तवा तापवला, एकेक भाकरी टाकली, वरून ओल्या नारळाच्या करवंटीने दाबली, उलटली, कडेला उभी केली. विचार न करता, रोजचे काम करावे तशी. मग एक भाकरी ताटलीत चुरली, त्यावर नारळाचे दूध आणि ठेचलेली मिरची घातली आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.

“सायब आसंच खायचे,” भाईसाहेब म्हणाले.

घरी ते भाकरी आमटीत चुरत. नारळाचा वास आवडत नाही म्हणत. मी खाल्ले. चांगले होते. चांगले होते याचाच राग आला.

“तिला विचारा,” मी म्हटले, “माझ्याविषयी कधी काही बोलले का.”

भाईसाहेबांनी आपल्या मोडक्या तमिळमध्ये विचारले. बाईने आठवून पाहिले. मग नाही म्हणून मान हलवली. पाऊस, मोटार, चादरी, तिच्या मुलाची नोकरी, एवढ्याविषयी बोलत. पण भाकरी कुणीतरी करून देते, हे तिला ठाऊक होते. तिने माझे हात धरले, उलटसुलट करून पाहिले आणि काहीतरी विचारले.

“म्हणतीय, इतकी पातळ कशी करता ते दाखवा. पीठ हाय तिच्याकडं. कुणी आता आणणार न्हाय, म्हणून शिकते म्हणतीय.”

तिने खरेच पिठाचा डबा पुढे ठेवला. भाभी माझ्याकडे पाहत होत्या. मोटारवाला भोंगा वाजवत होता.

मी म्हटले, “तिला सांगा, इथल्या हवेत ती होत नाही.”

हे खरे होते. सोलापूरची कोरडी हवा लागते, शाळू लागतो. पण मी ते खरे आहे म्हणून सांगितले नाही. यजमानांचे बोलणे भाईसाहेबांनी घेतले होते, हसणे आगगाडीच्या डब्याने घेतले होते, रडणे या बाईने. ही एक गोष्ट मी देणार नव्हते. भाईसाहेबांनी सांगितले. बाईने मान डोलावली आणि डबा उचलून फळीवर ठेवला. तिला वाईट वाटले असे दिसले नाही. निघताना तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटे स्वतःच्या कपाळाशी मोडली, आमच्याकडे मोडतात तशीच.

मोटारीत भाभी म्हणाल्या, “दिखा देती तो क्या जाता था?”

मी म्हटले, “माझं होतं.”

“हौ,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

परत आल्यावर मी वर्गात सिलोन शिकवले. पांबनच्या पुलावरचे पाण्याचे रंग सांगितले, घाटातला रस्ता फळ्यावर काढला. मुलींना आवडले. भाईसाहेबांनी नंतर खेपा बंद केल्या. आमच्या घरी जे कोणी येते ते यजमानांविषयी काही ना काही सांगते, आणि ते मला आधी ठाऊक नसते.

मी एकटी राहते. शाळा चालू आहे. घाटातल्या त्या बाईचा मला अजून हेवा वाटतो.