कधी न ऐकलेलं कॉलेज

"कुठलं कॉलेज म्हणालात? ऐकलं नाही बुवा कधी!"

आमचे फिजिक्सचे सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून हे म्हणायचे, आणि तेही स्वतःच्याच कॉलेजबद्दल! भर मे महिन्यात अंगात लग्नातला ब्लेझर, समोर घाम पुसणारा विद्यार्थी, शेजारी परीक्षक म्हणून बसवलेले प्रयोगशाळेचे शिपाईकाका. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मोठ्या संस्थांत एमएस्सीसाठी मुलाखती असत, त्यांची ही रंगीत तालीम.

कॉलेज कल्याणचं, साधंसुधं. तुम्ही मुंबईकडून येताना कल्याणच्या आधी लागणाऱ्या ठाकुर्ली स्टेशनच्या अलीकडे राहत असाल तर तुम्हीही नाव ऐकलेलं नसणार. मी ठाण्यातल्या खोपटची. तिथल्या कॉलेजांना टक्के कमी पडले म्हणून उलटी कल्याणला गेलेले. त्यामुळे कुणी कॉलेज विचारलं की मी युनिव्हर्सिटीचंच नाव पुटपुटायची. सगळेच तसं करायचे.

सर सोडत नसत. "अगं, पत्ता विचारला तर नुसतं भारत सांगतेस का?"

शिपाईकाकाही रंगात यायचे. "पोरी, हात का चोळतेस? नापास!" असं जाहीर करून मोकळे. आम्ही फिदीफिदी हसायचो.

माझी वेळ आली तेव्हा मात्र हसू पळालं. एका मोठ्या संस्थेची लेखी परीक्षा पास झालेले, मुलाखत बाकी होती. आदल्या वर्षी आमचे दोन सीनियर तिथूनच हात हलवत परत आलेले. कॉलेजचं नाव ऐकूनच मुलाखत घेणाऱ्यांनी तोंड वाकडं केलं, असं सांगत फिरायचे. मला पुढे संशोधनच करायचं होतं. नाही जमलं तर वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात माझ्या नोकरीचं बोलून ठेवलेलं. मी सरळच विचारलं, "सर, नावाने खरंच फरक पडतो का हो?"

"पडतो. खोटं कशाला सांगू?" सर म्हणाले. "मोठ्या कॉलेजातला आला की त्याला हुशार धरूनच चालतात. तुला ते दाखवावं लागेल. मलाही मुलाखतीत असंच कॉलेज विचारलं होतं एकदा. मी मान खाली घातली ती घातलीच. पुढच्या प्रश्नांची उत्तरं येत होती गं मला."

मला सरांबद्दल फार माया दाटून आली. ते ब्लेझरची बटणं लावायला लागले होते. "चल, बस समोर."

खऱ्या मुलाखतीत समोरच्या तिघांतल्या मधल्या मॅडमनी कागद बघून विचारलं, "हे कॉलेज नक्की कुठे आलं?" इतक्या गोड आवाजात की मला हसूच फुटलं. सरांपुढे बाई अगदीच कच्च्या होत्या हो! मी खणखणीत नाव सांगितलं, कल्याण सांगितलं, मोडकी उपकरणं आम्ही कशी दुरुस्त करून वापरतो तेही सांगितलं. त्यावरून प्रश्न निघाले, मग खडू हातात आला आणि मी फळा भरून टाकला. ॲडमिशन मिळाली.

त्याच वर्षी सर रिटायर होऊन चिपळूणला गेले. मी जुन्या कॉलेजात गेले की अजून त्यांच्या टेबलापाशी पाय घुटमळतात.

परवा मुलाखतीतल्या त्याच मॅडमनी मला संस्थेच्या जिन्यात थांबवलं. "तुमच्या कल्याणच्या कॉलेजातून यंदा कोणी येतंय का? अर्ज करायला सांग हं त्यांना."

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि शब्दन्‌शब्द सांगितला. सर तिकडे घरात कुणालातरी ओरडून सांगायला लागले, "अगं ए, ऐकलंस का? आपल्या पोरांना विचारतायत! आपणहून विचारतायत!"

फोन काकूंनी घेतला. "काय गं सांगितलंस यांना? अनवाणीच बाहेर पळालेत. अख्ख्या आळीला तुमच्या कॉलेजचं नाव सांगत सुटलेत."