रिसॉर्टच्या खोलीतली फोडणी

लेकीची बारावी संपली तेव्हा आमचे हे म्हणाले, "दोन दिवस रिसॉर्टला जाऊ. तुला हातबी ओला करायचा न्हाई." लातूरच्या क्लासच्या वेळा ज्यांनी सांभाळल्या आहेत त्यांनाच कळेल मी किती हुरळले ते. दोन वर्षं पहाटेचा डबा, दुपारचा डबा, शिवाय अभ्यासाला बसलेल्या पोरीला गरम काहीतरी. मला तळं नको होतं, झोपाळा नको होता. दुसऱ्यानं शिजवलेलं, दुसऱ्यानं वाढलेलं आयतं ताट हवं होतं, बस.

निघायच्या दिवशी बॅगेत माझ्या साड्यांखाली इंडक्शनची शेगडी सापडली. शेजारी छोटा कुकर, कढई, तूरडाळ, तांदूळ, मिसळणाचा डबा.

"हे काय?"

"असू दे. तिथं चहाबी सोन्याच्या भावानं देतेत."

यांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान आहे. दुकानात आलेल्या शेतकऱ्याला चहा पाजल्याशिवाय उठू देत नाहीत, गल्लीतल्या महाप्रसादाला डाळ पोत्यानं देतात. कंजूष म्हणावं तर तसंही नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो.

रिसॉर्ट नांदेडच्या अलीकडे होतं. वाटेत अहमदपूरला आम्हा तिघांची गाडी थांबली, तिथंही थर्मासातला माझाच चहा मला मिळाला. खोलीत शिरल्याशिरल्या हे खुर्चीवर चढले. छताला धूर ओळखणारं यंत्र होतं. आंघोळीला केस भिजू नयेत म्हणून ठेवलेली प्लास्टिकची टोपी यांनी त्याला घातली. मोंढ्यातल्या दोस्तांनी शिकवलेली युक्ती!

"आता कर बिनघोर."

केलं. आरशापुढच्या टेबलावर भात लावला, न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये कुकर घासला. नाश्त्याचे वेगळे पैसे होते, म्हणून सकाळचे पोहेही मीच केले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. खिडकीतून खालचं जेवणघर दिसत होतं. तिथं बायका नुसत्या बसल्या होत्या आणि कुणीतरी त्यांना वाढत होतं.

दुपारी कुकर उतरवला तेव्हा हे गॅलरीत फोनवर दोस्ताला सांगत होते. "एकदम मस्त हाय रे. खान्यापिन्याचा खर्च शून्य. शून्य म्हंजे शून्य!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आचारी आणला असता तर त्याचे पैसे दिले असते, वर त्याला जेवायचा आग्रह केला असता. मी मात्र शून्य! दोन दिवस हात ओला करायचा नाही म्हणे!

मी खुर्ची ओढली, वर चढले, टोपी काढली आणि यांच्या उशीवर ठेवली. मग तेल कडकडीत तापवलं आणि त्यात लसूण आणि मूठभर लाल मिरच्या टाकल्या. खमंग फोडणी कधी उतरवायची हे मला झोपेतही कळतं. त्या दिवशी मी उतरवली नाही.

यंत्र असं बोंबलायला लागलं, की आजूबाजूच्या खोल्यांतले सगळे बाहेर आले. हे खोकत आत धावले. "अगं, काय करालीस!" तेवढ्यात मॅनेजर दारात. खोलीत स्वयंपाक कुणी केला, असं त्यानं दरडावून विचारलं.

हे चटकन म्हणाले, "काय करावं साहेब, हिला हाटेलचं सोसत न्हाई. सैपाक केल्याबिगर करमतच न्हाई हिला."

इतकं धडधडीत खोटं मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाहेरच्या माणसापुढे यांचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही. त्या दिवशी पडू दिला.

"मला सगळं सोसतं," मी म्हणाले. "साहेब, ती शेगडी घेऊन जा. आणि जेवण किती वाजेपर्यंत मिळतं तेवढं सांगा."

लेक सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार. हेही मागून आले.

खाली मी खुर्चीवर मांडी घालून बसले. ताट आलं. वरण पांचट, भातात कणी राहिलेली. यांनी एक घास खाल्ला आणि मान हलवली.

"ह्याच्यापेक्षा तू लई चांगलं करतीस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही मला परत शेगडीपुढं उभं करायला! मी वाढणाऱ्याला हाक मारली आणि तोच कच्चा भात पुन्हा वाढून घेतला.