नवसागराचा धूर

“सांग, ह्यातली तुझी कुठली?” उपड्या पातेल्यावर दोन सुपाऱ्या ठेवून मास्तर विचारायचे. रत्नागिरीच्या शाळेत ते रसायन शिकवत. मी घाटावरून आलेला कल्हईवाला, शाळा तिसरीत सुटलेली. समोर कोण बसलंय हे न बघता शिकवत सुटणारं असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

पावसाळ्यात माझी रस्त्याकडेची भट्टी बंद पडायची, आणि परतायला गाव उरलं नव्हतं. मास्तर एकटे राहत. त्यांनी मला आपली पडवी दिली. तरी मी रोज सकाळी भाता बोचक्यात बांधून ठेवायचो. कुणी ‘नीघ’ म्हटलं तर उशीर नको.

“परत बांधलंस? सोड ते!” मास्तर ओरडायचे.

एकदा शेजारच्या काकू दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या, “मास्तर, ह्याचं गाव ना ठाव. घेतो नुसता, देतो काय?”

मास्तर हसले. मला म्हणाले, “एक सुपारी तू ठेव, एक मी. दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन घातला, जोडी दोघांची. हा साधा बंध.” मग माझी उचलून त्यांनी स्वतःच्याच दोन्ही ठेवल्या. “आता तुझा हात रिकामा. तू तापल्या भांड्यात टाकतोस त्या नवसागरात एक हायड्रोजन असाच येतो, इलेक्ट्रॉनशिवाय. आधीच तीन हायड्रोजन धरलेला नायट्रोजन आपलीच जोडी मध्ये ठेवतो. ह्या बंधाचं नाव वेगळं, पण ते जुळण्यापुरतं. एकदा जुळला, की चार हायड्रोजनांतला रिकाम्या हातानं आलेला कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. काय काकू?”

“सुपारी तेवढी खा आता,” काकू म्हणाल्या.

मला राहवलं नाही. “पण मास्तर, भांडं तापलं की नवसागर उडून जातो.”

“तापला की जुळलेले सुटतात रे. वर गार हवेत परत भेटतात. तो पांढरा धूर दिसतो ना, ते भेटलेलेच.”

त्या दिवशी मी बोचकं सोडलं.

पुढच्या पावसाआधीच मास्तर तापानं गेले. त्यांचा पुतण्या कुलूप घेऊन आला. “तू त्यांचा कोण?” त्यानं विचारलं. गडग्यापलीकडून काकूच म्हणाल्या, “घरातलाच तो.”

कुलूप लागायचं ते लागलंच.

आता मिळेल त्या गावी भट्टी लावतो. भांडं तापतं, चिमूटभर नवसागर पडतो, धूर उठतो. तो विरेपर्यंत मी मान वर करत नाही. बघितलं नाही, तोवर मास्तर समोर बसलेले असतात.