सुया दोघांनी घ्यायच्या

जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. माझी पहिली दोन्ही बाळं मेलेली जन्मली. दुसऱ्याच्या तळहातांची कातडी सोललेली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, हिच्या कुशीतच खोट आहे. काही दिवस मलाही तसंच वाटलं. मग त्या बोलण्याचा संताप येऊ लागला आणि मी एकटीच उठून लोणावळ्याच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त पुण्याला पाठवलं. गरमी निघाली, बाहेरख्यालीतून लागणारा रोग. नवऱ्याकडून बायकोला लागते आणि पोटातल्या पोराचा घास घेते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सुया दोघांनी घ्यायच्या, एकटीनं घेऊन उपयोग नाही. आमचे हे रेल्वेच्या इंजिनावर फायरमन, बारा गावचं पाणी प्यालेले. म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" मी माझ्या सुया सुरू केल्या आणि अंथरूण वेगळं घातलं.

सासूबाईंना निमित्तच मिळालं. त्यांनी ह्यांच्यासाठी कार्ल्याची एक मुलगी बघितली. सवत येणार म्हणून मी रडले, खोटं कशाला सांगू? पण त्या पोरीचं वय कानावर आलं आणि रडं थांबलं. तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

मी सरळ कार्ल्याला गेले. मुलीची आई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. म्हटलं, "मावशी, मी त्यांची पहिली बायको. पोरगी द्या, माझी ना न्हाई. पर जावयाला आधी सुया घ्यायला लावा. न्हाईतर माझ्यावानी तुमच्या पोरीचीबी पोरं मरतील."

सूप खाली ठेवून तिनं आतून तांब्या आणला. मग म्हणाली, "बस बाई. पानी पी."

लग्न मोडलं. गावभर बोभाटा झाला. ह्यांनी हात उगारला, "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस."

"मावळात अजून लय गावं हायेत," मी म्हटलं. "जितं पोरगी बघाल, तितं जाईन."

त्याच आठवड्यात हे मुकाट्यानं दवाखान्यातल्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले, तोंड भिंतीकडे करून. सुया कितीतरी महिने चालल्या. एकही चुकू दिली नाही मी. डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त साफ असल्याचं सांगितलं, तेव्हाच ह्यांना जवळ येऊ दिलं.

त्यानंतर दिवस राहिले आणि मुलगी झाली. सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "एवढा तमाशा करून पोरगीच?"

"व्हय," मी म्हटलं. "ऐका, कशी रडतीया."