आधी आपल्या हातावर

पोलादपूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी व्रणोपचारक, म्हणजे जनावरांच्या जखमांची मलमपट्टी करणारा, म्हणून रुजू झालो, तेव्हा डॉ. वसुधाताई साळवी पायरीवर बसल्या होत्या. डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, नजर घड्याळावर. मी कागद पुढे केले, तर म्हणाल्या, "थांबा, अजून सहा मिनिटं आहेत." हाताला गवती चहाच्या तेलाचा वास येत होता. कुत्र्याच्या लुतेवर लावायचं कुठलंही तेल बाई आधी स्वतःच्या हातावर लावून बघत. मला त्या जरा चक्रमच वाटल्या, हे आज त्यांच्या पंच्याहत्तरीला कबूल करतो.

लूत म्हणजे कातडीत सूक्ष्म किडे शिरून होणारा रोग. आमच्याकडे त्यावर गाडीचं जळकं ऑईल फासायची रीत. ती मोडायला बाईंनी वर्षानुवर्षं वाड्या तुडवल्या. त्या कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघत, करंजाच्या तेलात गवती चहाच्या तेलाचे मोजके थेंब मिसळत आणि तेवढ्याने भागणार नसेल तिथे सरळ इंजेक्शन देत. तेलाचा त्यांना कधी हट्ट नव्हता.

आंबेनळी घाटाखालच्या वाडीत धोंडूबाबांच्या कुत्र्याला, काळूला, लूत लागली. पोरांना लागेल म्हणून वाडीने त्याला घाटात सोडायचं ठरवलं. बाबा बाईंना म्हणाले, "पोरं मुंबयला. घरात ह्यो एकलाच हाय. नाय सोडायचा मी त्याला." बाईंनी वाडीकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

दर तिसऱ्या दिवशी तेल लावायचं काम माझ्याकडे आलं. लवकर गुण यावा म्हणून मी शहाणपणा केला आणि गवती चहाचं तेल करंजाच्या तेलात न मिसळता तसंच चोळलं. दुसऱ्या दिवशी काळूची पाठ फोडांनी भरली, तो अन्नाला तोंड लावेना. मी घाबरत बाईंना सांगितलं. त्या तडक वाडीवर गेल्या, काळूला साबणाने हलक्या हाताने धुतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक आमच्या दवाखान्याची आहे." माझं नाव घेतलं नाही.

परतल्यावर त्यांनी तेच तेल स्वतःच्या हातावर चोळलं.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"असेल. पण त्याला किती झोंबलं ते कळल्याशिवाय पुढचं प्रमाण कसं ठरवू?"

हात लाल होऊन फोड आला, तरी त्या घड्याळ बघत बसून राहिल्या. मी थक्क झालो, आणि खरं सांगायचं तर अजून आहे. तो डाग त्यांच्या हातावर आजही दिसतो.

मुदत संपली तेव्हा काळूच्या पाठीवर नवे केस उगवत होते. त्याला घाटात सोडायचं मग कुणी बोललं नाही.

परवा बाईंना भेटायला गेलो. पाया पडलो, तर त्यांनी माझा डावा हात धरला, बाही वर सारली आणि त्यावरचे बारीक डाग चष्म्यातून निरखून पाहिले. "बरं," एवढंच म्हणाल्या.

बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या हातांनी आता विश्रांती घ्यावी, आमचे हात आहेत.