शिरपूर पाहत पद्मतीर्थ

माझ्या काकाबद्दल गाव चांगलं बोलतं. बोलू दे. मी बोलणार नाही.

बाबा गेले तेव्हा मी सासरी होते. त्यांना मुलगा नव्हता, मी एकटीच. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आले तेव्हा त्यांनी एकच मागितलं, "मले वाशीमच्या पद्मतीर्थात सोडा." त्या तळ्यात हाडं विरघळून जातात, असं आमच्याकडे सगळे मानतात. काका उशाशीच बसला होता. त्यानेच होकार दिला होता.

तेरावं उरकल्यावर अस्थी न्यायच्या ठरल्या. आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत आणि प्रवासात भुईवर ठेवत नाहीत. गाडी थांबेल तिथे झाडाला टांगतात. आणि बाईमाणसाने त्यांना शिवायचं नाही. बाबांची मांजरपाटातली गाठोडी काकाच्या ताब्यात, म्हणून मी हट्टाने त्याच्या दमनीत, त्या हलक्या बैलगाडीत, चढले. सोबत काकू.

आमच्या रिठदहून वाशीम सरळ समोर. पण तेव्हा आमच्या भागात मोटार एखादीच, ऐट मारायची ती दमनीनेच, आणि काकाने नुकतेच नवे पांढरे बैल घेतले होते. त्याने ते शिरपूरकडे वळवले.

"काका, इकडं कायले?"

"अवं, जमिनीले न टेकनारी मूर्त हाय तिथं. पाहशीन तं डोये फिरतीन. तुह्या बापानं दाखवली का कदी तुले?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या भावाशी बरोबरी करत होता मेला!

वाटेत टेकडीवरचा एक धोंडा घणघण वाजतो म्हणून थांबला. दगड मारमारून तो वाजवला, काकूलाही वाजवायला लावला. सगळं रान पळसाने लाल झालं होतं. मला ते सुंदर दिसलं, आणि दिसलं याचाच राग आला. शिरपूरला ती दोघं देवळात गेली, मी बाहेर लिंबाखाली गाठोडीवर नजर लावून उभी. काका बाहेर आला तो मूर्तीच्याच गोष्टी सांगत. "खालून कपडा फिरते म्हंतात, बाई!" बाबांचं नावही तोंडात नाही.

वाशीमच्या अलीकडे ओढ्याकाठी एक वड होता. पारंब्या इतक्या लांबवर उतरलेल्या की आतून गाडी फिरवता यायची. काकाला ती फिरवायचीच होती. आधी जेवण झालं. मुंग्या लागतील म्हणून त्याने उरलेली शिदोरी त्याच फांदीला टांगली, अस्थींच्या शेजारी. तीही मांजरपाटातच बांधलेली.

"काका, तिथं भाकर नोका टांगू."

"तू मले शिकवून राह्यली?"

मग पारंब्यांतून दमनी फिरली, काकू खिदळली, आणि निघताना काकाने एक गाठोडी ओढून पुढे अडकवली. मी पाहायला उतरू लागले तर खेकसला, "घेतली ना! बस मुकाट्यानं."

तळ्यावर भटजी बसले, काकाने गाठ सोडली. आत दोन ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा.

काका हसला. खरंच हसला. "हत् तिच्या मायले! भाकर निंघाली."

"दमनी मांगं फिरवा," मी म्हणाले.

"बैल दमले. भाकरच सोडू पान्यात. मासोया खातीन, भाऊलेबी पावन."

"वडात फिरवतानी नाही दमले?"

काकूने मला चिमटा काढला. काका बैल सोडायला लागला.

मी चालत निघाले. ऊन मी म्हणत होतं. येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी वाटभर काकाला दिल्या, आणि कुत्र्यांनी गाठोडी ओढली असेल या भीतीने अधूनमधून धावलेही. गाठोडी जागेवरच होती, वाऱ्यावर हलत. "चला बाबा," म्हटलं आणि दोन्ही हातांनी उतरवून छातीशी धरली. शिदोरीएवढंच वजन होतं तिचं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. शिवायचं नाही म्हणे! मला अडवायची कुणाची छाती होती त्या वाटेवर?

दिवस मावळायच्या आत परत तळ्यावर पोचले. काका भाकरी पाण्यात सोडून, विधी उरकून दमनीखाली घोरत होता. मी पायऱ्या उतरले, कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि बाबांना सोडलं.

गावात मात्र भावाचं सारं काकानेच केलं, असं झालं. मूर्तीची गोष्ट तर तो लग्नाच्या पंगतीतही सांगायचा. काकूने कधी तोंड उघडलं नाही.

पुढे तो अंथरुणाला खिळला. मुलगे होते, सुना होत्या. मी भेटायला गेले तर त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि माझा हात धरला.

"पोरी, माह्या अस्थी तूच नेजो पद्मतीर्थात. ह्या पोट्ट्यायचा मले भरोसा नाही."

मी हात सोडवून घेतला.

"पोट्टेच नेतीन, काका," म्हणाले. "दमनीनं. शिरपूर पाहत पाहत."